निजलाय, उठेल

लॅपटॉप उघडून पुन्हा जोडला, की एखादा स्क्रू उरतोच. कुठला, कुठून निघाला, काही कळत नाही आणि लॅपटॉप तर मस्त चालू असतो! मग तो स्क्रू आम्ही बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकतो. सातपूरच्या आमच्या दुकानातला तो डबा आता भरत आलाय. किश्शांचंही तसंच होतं. माणूस लॅपटॉप घेऊन जातो आणि त्याची एखादी गोष्ट आमच्याकडे राहून जाते. कधी दुसरंच काही शोधायला हात घातला, की ती हाताला लागते.

दुकान म्हणजे एक गाळा. मी आणि नाना खैरनार, दोघं भागीदार. नाना माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, मूळचे नामपूरकडचे. गिऱ्हाइकाशी साधं मराठी बोलतात आणि लॅपटॉपशी अहिराणी. मशीन उघडलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय व्हयनं रे भाऊ? कोठे दुखस?" मशीन उत्तर देत नाही, पण त्याला बरं वाटत असणार, असं मला उगाच वाटतं.

आमच्याकडचे निम्मे पेशंट निळ्या पडद्याचे. काम करता करता अचानक सगळं गायब होतं, स्क्रीनभर निळा रंग पसरतो, वर एक रडकं तोंड आणि खाली इंग्रजीत दिलगिरी. ह्या दुखण्याची खोड अशी, की ते आमच्यासमोर कधीच येत नाही! घरी ऊठसूट पडणारा लॅपटॉप दुकानात आला, की शहाण्यासारखा वागतो. त्यामुळे आमचं खरं काम दुरुस्तीचं नाहीच, वाट बघण्याचं आहे. लॅपटॉप चालू करायचा आणि तो पडेपर्यंत समोर बसून राहायचं.

दुपारी पहिली पाळी सुटते, मोटरसायकली आणि बस निघून जातात आणि मग रस्ता एकदम शांत होतो. पंखा फिरत असतो. गिऱ्हाईकही आमच्याबरोबर स्क्रीनकडे बघत बसलेलं असतं. अशा वेळी माणसं हळूहळू बोलायला लागतात. नाहीतर झोपायला!

*

झोपण्यावरून वाघचौरे साहेब आठवले. जवळच्याच एका कारखान्यात सुपरवायझर. आवाज असा, की मशीन चालू असतानाही शेवटच्या माणसाला ऐकू जावा. आले आणि म्हणाले, "मॅडम, हा पडताना मला डोळ्यांनी बघायचाय! मी इथेच बसतो."

बसले. थोड्या वेळाने बघते तर मान खाली, हात पोटावर, साहेब गाढ झोपलेले. लॅपटॉप व्यवस्थित चालू! संध्याकाळी जागे झाले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "उद्या परत बघू."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरच्या दिवशी लॅपटॉप एकदाचा पडला. प्रिंटरसाठी टाकलेलं जुनं सॉफ्टवेअर त्रास देत होतं, ते मी काढून टाकलं. साहेबांना उठवून सांगितलं, "झाला तुमचा लॅपटॉप." वाटलं, खूश होतील. तर चेहराच उतरला! पिशवी उचलून दारापर्यंत गेले आणि वळले.

"मॅडम, घरी अशी झोप लागत नाही हो. उद्या नुसताच लॅपटॉप घेऊन आलो, तर चालेल?"

नानांनी मान वर न करताच उत्तर दिलं, "साहेब, लॅपटॉप तरी कशाला आणता?"

*

एकदा सुरगाण्याकडच्या एक शिक्षिका आल्या होत्या. बरोबर त्यांची आई. लॅपटॉपवर शाळेचं सगळं काम अडलेलं, त्यामुळे बाई अगदी रडकुंडीला आलेल्या. आई मात्र निवांत. दुकानातल्या वायरी, पंखा, नाना, सगळं कौतुकाने बघत होत्या.

आणि त्या दिवशी चमत्कार झाला. लॅपटॉप चक्क आमच्यासमोर पडला! स्क्रीन निळी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला. आई मात्र उठून जवळ आल्या. ते रडकं तोंड म्हणजे दोन ठिपके आणि एक कमान, तेही आडवं. आईंनी निरखून बघितलं.

"ह्यो कोन आडवा पडलाय?"

मी इतकी वर्षं ते तोंड बघतेय, पण ते आडवं आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात आईंनीच निकाल दिला. "निजला हाय. उठंल."

आणि उठलाच की! स्क्रीन काळी झाली, ठिपके गोल गोल फिरले, लॅपटॉप सुरू झाला. तेव्हापासून आमच्या दुकानात 'क्रॅश झाला' असं कुणी म्हणत नाही. 'निजलाय' म्हणतो.

हार्ड डिस्क बदलून दिली आणि मायलेकी गावी गेल्या. पुढे काही दिवसांनी बाईंनी माझ्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. आईंनी घराची पुढची भिंत रंगवून घेतली होती. तोच निळा! आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरा, आडवा, निजलेला माणूस. खाली बाईंनी लिहिलं होतं, "आई विचारतेय, तुमच्याकडचे उठले का सगळे?"

*

सगळे उठले होते, एक सोडून. तो देवळाली कॅम्पच्या शिरसाठ काकूंचा.

काकू लॅपटॉप घेऊन बसने यायच्या. जुन्या साडीचं फडकं, त्यात लॅपटॉप, त्याला गाठ. शिरसाठ काका तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ऐकू अजिबात येत नाही. "कान मी तोफेपाशीच ठेवून आलो," असं काका सगळ्यांना हसत हसत सांगतात, असं काकू म्हणाल्या. मुलगा अमोल, तोही तोफखान्यातच. त्याची पोस्टिंग कुठेतरी वर डोंगरात. तिथून फोन लागायचा नाही, नेट फक्त सकाळी थोडा वेळ मिळायचं.

काकांना फोनवर बोलणं जमत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. म्हणून अमोलने सुट्टीत लॅपटॉप आणून दिला होता. तो तिकडून मोबाईलवर लिहायचा आणि इथे ही मोठ्ठी मोठ्ठी अक्षरं यायची. काका एका बोटाने उत्तर लिहायचे. बापलेकाचं बोलणं म्हणजे एवढंच. आणि नेमकं सकाळी, अमोल दोन शब्द बोलतो न बोलतो तोच स्क्रीन निळी! पुन्हा चालू होईपर्यंत तिकडचं नेट गेलेलं.

"ताई, काहीही करा, पण त्याचं बोलणं पुरं होऊ द्या," काकू म्हणाल्या.

आम्ही लॅपटॉप ठेवून घेतला. गरम होतो का बघितलं, नाही. सॉफ्टवेअर सगळं नवीन टाकलं. नानांनी हरतऱ्हेने अहिराणीत विचारपूस केली. एकदाही पडला नाही! काकू न्यायला आल्या, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "एकदम ओके आहे."

आठवड्याने फडक्याची गाठ पुन्हा आमच्या काउंटरवर!

*

अशा वेळी मी दुसरं काम हातात घेते, म्हणजे डोकं जरा हलकं होतं. तेव्हा नेमकी खंडेनवमी होऊन गेलेली. सातपुरात खंडेनवमीला मशीनची पूजा म्हणजे काय प्रकार असतो! लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. आता त्यांच्या रांगेत लॅपटॉपही आलेत. त्यामुळे आमचा सीझन दरवर्षी दसरा झाला, की सुरू!

एका वर्कशॉपच्या मालकांचा लॅपटॉप नानांनी उघडला, तर पंख्यात अक्षता अडकलेल्या. पंखा फिरत नव्हता, लॅपटॉप तापून निजत होता. मालक समोरच उभे. म्हणाले, "पूजा मनापासून केली हो."

नाना चिमट्याने तांदळाचा एकेक दाणा काढत होते आणि शेजारी वाटीत ठेवत होते. "काढा पटापट, केरात टाका," असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अक्षता त्या! मालकही हात जोडून बघत राहिले. सगळं झाल्यावर मी हळूच विचारलं, "नाना, ह्या अक्षतांचं आता करायचं काय?"

नाना वाटीकडे बघून म्हणाले, "राहू दे. कोणाचं उठतच नसेल, तर त्याच्यावर टाकू."

आणि वाटी उचलून त्यांनी शिरसाठ काकूंच्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

*

गाठ घेऊन काकू परत आल्या, त्या दिवशी खुर्चीत बसल्याच नाहीत. उभ्या उभ्याच सांगायला लागल्या. दोन दिवसांपूर्वी सकाळी अमोलचं लिहिणं आलं होतं. 'बाबा, आईला बोलवा. एक सांगायचंय.' काकू हात पुसत आल्या, काकांच्या मागे उभ्या राहिल्या आणि स्क्रीन निळी! त्यानंतर तिकडे हवा बिघडली आणि नेटच बंद.

"एक सांगायचंय म्हणजे काय असेल हो, ताई?"

मी म्हटलं, "काही विशेष नसेल. असंच काहीतरी असेल."

"असंच असतं, तर आईला बोलवा कशाला म्हणाला असता?"

फौजेतल्या पोराच्या आईला काय सांगायचं? काकूंच्या हातात त्या फडक्याचं टोक होतं आणि त्या ते सारखं बोटाला गुंडाळत होत्या. काका काय म्हणतात, असं मी विचारलं, तर काकूंना रागच आला. "ते काय म्हणणार! लॅपटॉप पडला, की नुसते हसतात. म्हणतात, राहू दे की असाच!"

मला ते जरा विचित्र वाटलं. पण तेव्हा मी ते सोडून दिलं.

*

मधल्या काळात नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचा लॅपटॉप आला. तो कांद्याच्या चाळीतच ठेवून वापरायचा. नानांनी खालचं झाकण काढून ब्लोअर मारला आणि आतून कांद्याची सुकी टरफलं उडाली. गुलाबी, पातळ, पंख्याच्या वाऱ्यावर दुकानभर तरंगायला लागली. दुपारचं ऊन दारातून तिरकं येत होतं आणि त्या उन्हातून टरफलं इतकी सावकाश खाली येत होती, की मी काम थांबवून बघतच बसले.

नानांनी ब्लोअर बंद केला. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले.

"नाना, डोळ्यांत पाणी?"

"कांद्याचं!"

"सुक्या टरफलानं कुठे पाणी येतं, नाना?"

"नामपूरच्या टरफलानं येतं," नाना म्हणाले आणि पुन्हा ब्लोअर सुरू केला.

*

शेवटी मी ठरवलं, काकूंचा लॅपटॉप दुकानात पडत नाही ना, मग आपणच तिकडे जाऊ. लॅपटॉप घेऊन सकाळीच देवळाली कॅम्प गाठलं. छोटं, स्वच्छ घर. खिडकीजवळ टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि समोर शिरसाठ काका. पांढरा शर्ट, ताठ पाठ. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली. काकूंनी चहा आणला. आम्ही तिघं त्या स्क्रीनकडे बघत बसलो. बाहेर कुणाच्या तरी अंगणात सडा टाकल्याचा आवाज येत होता. मला तर पेंगच यायला लागली.

आणि एकदम, लांबून, धम्म!

कपबशी किणकिणली. मी दचकून उभी राहिले. "काकू, कसला आवाज झाला?"

"कसला?"

"अहो, आत्ताचा! एवढा मोठा!"

"कुठे काय?" काकूंनी शेजारच्या बाईंना खिडकीतून हाक मारली. "काही वाजलं का हो?"

"नाही बाई. कुकर असेल कुणाचा तरी," शेजारीण म्हणाली.

पुन्हा धम्म! खिडकीची काच थरथरली. दोघी माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पलीकडच्या माळावर तोफांचा सराव चालू होता. ह्या बायकांचं अर्धं आयुष्य तो आवाज ऐकण्यात गेलं, त्यामुळे आता तो ऐकूच येत नव्हता! मी वळून बघितलं, तर स्क्रीन निळी झालेली. आणि त्या निळ्या उजेडात काका शांतपणे हसत बसलेले.

मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. रॅमची पट्टी ज्या खोबणीत बसते, तिची पकड सैल झाली होती. तोफेच्या हादऱ्याने पट्टी हलायची आणि लॅपटॉप निजायचा. आमच्या सातपूरला कुठल्या आल्यात तोफा? शेजारी दुसरी खोबण रिकामी होती. पट्टी उचलली, तिच्यात बसवली, झालं! नंतर तोफा वाजत राहिल्या, लॅपटॉप ढिम्म हलला नाही.

काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. काका मात्र स्क्रीनकडे बघत होते आणि आता हसत नव्हते.

चारेक दिवसांनी काकूंचा फोन. आवाज असा, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "ताई, बोलणं पुरं झालं! अमोल येतोय! इथेच, देवळालीला, कोर्ससाठी! तेच सांगायचं होतं हो त्याला!"

मी नानांना सांगितलं. नानांनी ती अक्षतांची वाटी उचलून देवाच्या फोटोपुढे ठेवली. मला इतकं हलकं वाटलं, की त्या दुपारी वाघचौरे साहेबांच्या खुर्चीत मीही एक डुलकी काढली.

*

आणि मग एक दिवस शिरसाठ काका एकटेच दुकानात आले. हातात तीच फडक्याची गाठ. मी काउंटरवरचा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "काय झालं काका? पुन्हा पडतो?"

"नाही ना!" काका म्हणाले. ऐकू येत नसल्याने त्यांचा आवाज मोठा. "पूर्वीसारखा करून द्या."

मी लिहिलं, "पूर्वीसारखा म्हणजे?"

"बिघडलेला."

नाना स्क्रू फिरवायचे थांबले. काका गाठ सोडता सोडता बोलायला लागले.

"तो निळा झाला, की मला कळायचं, फायरिंग चालू आहे. कान गेले. साखरेच्या दुखण्याने बोटांची जाण गेली. काच थरथरली, तरी समजत नाही. त्या निळ्यामुळे समजायचं."

मी लिहिलं, "मग आम्हाला आधी सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

खरंच होतं. काकांना कुणीच विचारलं नव्हतं.

"पोराचं बोलणं तुटायचं, तेव्हा वाईट वाटायचं," काका म्हणाले. "म्हणून तुम्ही नीट केला, तेव्हा गप्प बसलो. पण आता तो इथेच आहे. रविवारी घरी येतो, जेवतो. समोर बसून पाटीवर लिहितो. लॅपटॉप लागतच नाही. आणि बुधवारी सकाळी पहिल्यांदा इथल्या तोफेवर उभा राहणार आहे. इथे, ताई! मी जिथे उभा राहिलो, तिथे. आणि मला कळणार नाही?"

नानांनी काकांचा लॅपटॉप ओढून घेतला, झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली आणि त्या जुन्या, सैल खोबणीत परत बसवली. इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण बिघाड करून देण्याचं काम पहिलंच! काम झाल्यावर टेस्ट करायला हवी आणि आमच्याकडे तर तो पडत नाही. म्हणून बुधवारी सकाळी दुकानाचं शटर न उघडता आम्ही दोघं देवळालीला गेलो.

काका टेबलासमोर बसलेले, नवी इस्त्री केलेला शर्ट. काकू आत पोळ्या करत होत्या. नाना भिंतीला टेकून उभे, मी खिडकीपाशी. पडदा वाऱ्याने आत यायचा आणि बाहेर जायचा.

धम्म!

स्क्रीन निळी झाली. मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "हा नाही. दुसरा त्याचा, पाटीवर लिहून गेलाय."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मी नानांकडे. ठिपके गोल गोल फिरले. निजलेला माणूस सावकाश उठला. आम्ही वाट बघत राहिलो. वाट बघणं हेच तर आमचं काम. आतला पोळपाटाचा आवाज कधी थांबला, ते मला कळलं नाही.

धम्म!

बशीतला कप किणकिणला. स्क्रीन भरून निळा रंग पसरला आणि काकांच्या पांढऱ्या शर्टावर आला. काका खुर्ची मागे सारून उभे राहिले, एकदम ताठ, आणि आतल्या दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

काकू दारातच उभ्या होत्या. हाताला पीठ, गॅस बंद केलेला.

"ऐकलं," काकू म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नुसती मान हलवली.